ज्यू होता येतं का? मशीहा कधी येणार? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात नवगावच्या स्मारकावर आणि आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, समाजावर लिहिलं होतं. अलिबागजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, वाहून आलेली प्रेतं नवगावात पुरली आणि वाचलेल्यांनी पुढे तेलाचे घाणे चालवून पोट भरलं, अशी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिगत. त्यावर आलेल्या पत्रांत इतिहासापेक्षा धर्माचे प्रश्न जास्त निघाले. माझं बालपण ठाण्याच्या मशिदीत गेलं (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) आणि उभं आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात. धर्माचा निवाडा देणं हे रब्बींचं, म्हणजे धर्मपंडितांचं, काम. घरात, मशिदीत आणि ग्रंथांत जे शिकले, ते इथे सांगते.

मी नागपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घर वारकरी. बरेच दिवस तोरा (मोशेचे पाच ग्रंथ) आणि संदेष्ट्यांची पुस्तकं वाचते आहे आणि मला ज्यू व्हावंसं वाटतं. दीक्षेसारखा काही विधी असतो का? एकांनी सांगितलं की ज्यू म्हणून जन्मच घ्यावा लागतो. – एक विद्यार्थिनी

तुला सांगितलं ते खरं नाही, मुली. बाहेरून येणाऱ्याला दार आहे. पण त्या दारात उभं राहून कोणी तुला हाक मारणार नाही. ज्यू लोक धर्मप्रसार करत नाहीत, उलट आलेल्याला आधी परत जायला सांगतात. जगातल्या प्रत्येकाने ज्यू व्हावं, अशी आमच्या देवाची अपेक्षाच नाही. जलप्रलयातून वाचलेल्या नोहाला दिलेल्या सात आज्ञा, म्हणजे खून नको, चोरी नको, व्यभिचार नको, न्यायालयं नेमा वगैरे, ज्याने पाळल्या तो परलोकाचा वाटेकरी. त्यासाठी सुंता, शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस) यांतलं काहीच लागत नाही. म्हणून तुझ्यापुढे पहिला प्रश्न हाच येईल, की वारकरी घरातली मुलगी देवाला प्रिय नाही असं तुला वाटतंच का? माझं विचारशील तर, ती प्रिय आहे.

तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या धर्मचर्चांच्या जुन्या ग्रंथात, याची रीत दिली आहे. कोणी आला की त्याला विचारायचं, ‘बाबा रे, इस्राएलावर सध्या काय काय संकटं आहेत, लोक त्यांना कसे छळतात, हाकलतात, हे ठाऊक नाही का तुला?’ ‘ठाऊक आहे, आणि त्यांच्यात येण्याची माझी लायकी नाही,’ असं तो म्हणाला, तर त्याला लगेच जवळ घ्यायचं. मग काही सोप्या आज्ञा सांगायच्या, काही अवघड. त्यानंतर ग्रंथ जे सांगतो ते मला फार मोलाचं वाटतं. नवख्याला मुद्दाम शिकवायच्या गोष्टींत आकाशातल्या रहस्यांचा उल्लेखही नाही. शेतात पडलेला सरवा गरिबांना वेचू द्यायचा, विसरलेली पेंढी उचलायला माघारी जायचं नाही, शेताचा कोपरा कापायचा नाही आणि गरिबांचा दशमांश द्यायचा, हे त्याला सांगायचं.

हे वाचताना सरवा वेचणारी बायबलमधली रूथ आठवतेच. मवाबी, म्हणजे परक्या देशाची, बाई, नवरा वारला, सासू नामी बेथलेहेमला परत निघाली. नामीने तिला पुन्हा पुन्हा माघारी जायला सांगितलं, आणि आलेल्याला तीनदा परतवण्याची चाल त्यावरूनच पडली म्हणतात. रूथ म्हणाली, ‘तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव.’ यातला क्रम बघ. आधी लोक, मग देव. तुझ्या पत्रात देवाबद्दल चार पानं आहेत, लोकांबद्दल एकही ओळ नाही. राग मानू नकोस, पण हीच जागा तुला भरून काढायची आहे. ज्यू होणं म्हणजे एक मत पटणं नव्हे. एका कुटुंबात यायचं, तर त्याची देणी-घेणी, सुतक-सोयर, भांडणं हे सगळं अंगावर घ्यावं लागतं.

आता विधीचं. तीन जणांचं धर्मन्यायालय लागतं, त्याला बेथ दीन म्हणतात. पुरुषाची सुंता होते, आधीच झालेली असेल तर रक्ताचा एक थेंब काढतात. नंतर स्त्री-पुरुष दोघांनाही मिक्व्यात, म्हणजे पावसाच्या किंवा झऱ्याच्या साठलेल्या पाण्यात, अंगावर धागाही न ठेवता पूर्ण बुडी मारावी लागते. केसाचं टोकसुद्धा पाण्याबाहेर राहता कामा नये. समुद्रही चालतो. बाईच्या बुडीच्या वेळी सोबत बायका असतात आणि न्यायाधीश बाजूला राहतात. पण या सगळ्याआधी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, शिकणं आणि पाळणं असतं. आमच्या समाजाचे पूर्वापार स्वतःचे रब्बी नव्हते. मशिदीत प्रार्थना हज्जान चालवतो, आणि त्याला तुला ज्यू करून घेता येत नाही. ‘एका आठवड्यात प्रमाणपत्र देतो’ असं कोणी म्हणालं, तर तिथून उठून ये.

तोवर करून बघण्यासारखं एक आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत दिवा लावायचा नाही की विझवायचा नाही, गॅस पेटवायचा नाही, बसमध्ये चढायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही, मोबाइल बंद. हा दिवस आला तसा पुन्हा पुन्हा येत राहतो. विद्यापीठाची परीक्षा शनिवारी आली तर? मावसबहिणीचं लग्न शनिवारी असेल तर? तेव्हा काय करशील आणि आई-वडिलांना काय सांगशील, ते मला लिही. वडिलांशी न भांडता हे करता आलं पाहिजे, कारण आई-वडिलांचा मान ही दहा आज्ञांतली आज्ञा आहे आणि ती आलेल्याच्या जन्मदात्यांनाही लागू आहे, असं मी तरी मानते.

आणि एकदा आलीस की आलीस. तुझ्या आधीच्या आयुष्याची आठवण काढून तुला टोचणं हे पाप आहे, असं तालमूद स्पष्ट सांगतो. बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या एका नवागताने रांबामला, म्हणजे मायमोनिडीसला, पत्र लिहून विचारलं होतं, ‘प्रार्थनेत “आमच्या पूर्वजांच्या देवा” असं म्हणतात. मी ते म्हणू का? माझे पूर्वज तर वेगळे.’ रांबामने उत्तर दिलं, की एक शब्दही न बदलता म्हण, आमचा मूळपुरुष अब्राहाम तुझाही बाप आहे. पुढे लिहिलं, की आपलं कूळ हलकं समजू नकोस. आमचं कूळ अब्राहाम-इसहाक-याकोबाला जाऊन मिळतं, तुझं तर ज्याच्या शब्दाने जग झालं त्यालाच जाऊन मिळतं. हे पत्र मिळव आणि वाच.

माझे वडील बेने इस्राएल होते, आई मराठा. आडनाव गावावरून, ‘कर’ लावणारं. बाबा झोपताना ‘शेमा इस्राएल’ (देव एकच आहे, असं सांगणारी प्रार्थना) म्हणत, आई गौरी-गणपती करायची. मी ज्यू आहे की नाही? इस्रायलला जाता येईल का? – एक वाचक, डोंबिवली

तुमचे दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं जुळत नाहीत. धर्मशास्त्राप्रमाणे ज्यू आईचं मूल ज्यू, किंवा रीतसर आत आलेला ज्यू. त्या हिशेबाने तुम्ही नाही. ज्यूंना इस्रायलला येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या परतीच्या कायद्याची गोष्ट वेगळी. कायदा 1950चा. 1970मध्ये त्यात ज्यू कोण याची व्याख्या घातली गेली, तीही आईवरून किंवा धर्मप्रवेशावरूनच. पण त्याच दुरुस्तीने ज्यू माणसाची मुलं, नातवंडं आणि त्यांचे जोडीदार यांनाही येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला. म्हणजे विमानतळावर तुमचं स्वागत होईल, पण तिथे एखाद्या ज्यू मुलीशी लग्न करायला गेलात की अडाल, कारण तिथे लग्नं धर्मसंस्थांच्या हातात आहेत आणि नोंदणी विवाह देशात होत नाही. अमेरिकेतल्या सुधारक रब्बींनी 1983मध्ये वेगळा निर्णय केला, की आई किंवा बाप यांपैकी एक ज्यू असेल आणि मूल ज्यू म्हणून वाढलं असेल तर ते ज्यू. सनातनी रब्बींना तो मान्य नाही.

कायदा आणि शास्त्र यांची ही फारकत किती खोल आहे, ते ब्रदर डॅनियलच्या खटल्यात दिसतं. ओसवाल्ड रुफायसेन हा पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ओळख लपवून जर्मनांच्या पोलिसांकडे दुभाष्याचं काम करता करता त्याने मीर गावच्या घेट्टोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतल्या, लोकांना आधी सूचना दिली आणि त्यांतले बरेच जण पळून वाचले. नंतर तो एका मठात लपला, तिथेच ख्रिस्ती झाला, पुढे कार्मेलाइट या ख्रिस्ती संघाचा साधू. इस्रायलला येऊन त्याने परतीच्या कायद्याखाली नागरिकत्व मागितलं. शास्त्र म्हणतं, इस्राएली पापी झाला तरी इस्राएलीच. आणि 1962मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. धर्म सोडून साधू झालेल्याला सामान्य माणूस ज्यू म्हणत नाही, म्हणून हा कायदाही म्हणत नाही. त्याला पुढे नागरिकत्व मिळालं, पण इतर परदेशी माणसाला मिळतं त्या वाटेने. ज्याने ज्यूंसाठी जीव धोक्यात घातला त्याला हे ऐकावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं. तरी न्यायालयाचं म्हणणं मला कळतं. लोकांशी नातं ठेवायचं आणि त्यांचा देवाशी असलेला करार सोडायचा, हे दोन्ही एकदम जमत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं, तर बापाकडून आलेल्यांना अनेक रब्बी ‘इस्राएलचं बीज’ मानतात आणि त्यांच्यासाठी वाट थोडी सुकर करतात. तुम्हाला ती वाट चालायची आहे का, ते तुमचं तुम्ही ठरवा. नुसत्या पासपोर्टसाठी असेल तर मिक्व्यात उतरू नका. आणि बाबांचा ‘शेमा’ म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.

साडी, मंगळसूत्र, हळद, नावं, भाषा सगळं मराठी. तुम्ही मूळचे इथलेच, धर्मांतरित नाही का? इस्रायलनेही तुम्हाला नाकारलं होतं असं वाचलं. – एक वाचक, सातारा

पूर्णपणे इथले आणि पूर्णपणे तिथले, दोन्ही. 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासातही बेने इस्राएलांत पश्चिम आशियातल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, असा दोन्ही वारसा ठळक आढळला. मला त्याचं नवल वाटलं नाही. सात जोडप्यांची वस्ती वाढली ती काय इथल्या मातीला न लागता वाढली असेल? शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने ‘शनिवार तेली’ नाव ठेवलं. हिब्रू विसरलो, ग्रंथ गेले. उरलं ते शब्बाथ, आठव्या दिवसाची सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शेमा’. दावीद रहाबी हा बाहेरचा ज्यू आला तेव्हा, आम्ही ज्यूच का हे बघायला त्याने बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली आणि त्यांनी पर-खवले असलेली (धर्माप्रमाणे तीच चालते) तेवढी निवडून बाजूला काढली, अशी आमच्याकडची गोष्ट. खात्री पटली ती बायकांच्या निवडण्यावरून! एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी आम्हाला हिब्रू शिकवलं, मराठी बायबल हातात दिलं. त्यांचे उपकार मोठे. पण ज्या आशेने शिकवलं ती काही फळली नाही, ख्रिस्ती फार थोडे झाले.

इस्रायलबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे. 1962मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं, की बेने इस्राएलाचं लग्न लावण्याआधी त्याची आई, आईची आई, अशी जमेल तितकी मागची चौकशी करावी. कोकणातून गेलेल्या लोकांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं, आणि ऑगस्ट 1964मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, जाहीर केलं, की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत भेद नाही. आमच्या लोकांनी पुन्हा धर्मात घेण्याचा विधी मागितला नव्हता. आम्ही आत होतोच, हे मान्य करा, एवढंच मागणं होतं. मणिपूर-मिझोरामच्या बेने मनश्शे या समाजाचं वेगळं झालं. 2005मध्ये इस्रायलच्या सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या परंपरेच्या) मुख्य रब्बींनी त्यांना इस्राएलचं हरवलेलं कूळ मानलं, पण तिथे गेल्यावर धर्मप्रवेशाचा पूर्ण विधी करायला लावला.

एक गोष्ट मात्र आपल्याच घरातली आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. आमच्यात ‘गोरा इस्राएल’ आणि ‘काळा इस्राएल’ असा भेद होता. बाप ज्यू आणि आई बाहेरची, त्यांची संतती काळी म्हणायची आणि तिच्याशी सोयरीक करायची नाही. जेरुसलेममध्ये आम्हाला जे लागलं, ते आम्ही चौल-रेवदंड्याच्या अंगणांत आपल्याच लोकांना देत होतो. हा भेद आता बोलण्यातूनही गेला आहे, आणि तो गेला याचा मला आनंद आहे.

तुमचा मशीहा अजून यायचा आहे, तर तो म्हणजे कल्कीसारखा अवतार का? येशूला का मानत नाही? आणि दोन हजार वर्षं वाट बघून कंटाळा नाही येत? – एक शिक्षक, कोल्हापूर

अवतार नव्हे, सर. माणूस. दावीद राजाच्या वंशातला, आई-बापाच्या पोटी जन्मणारा, एक दिवस मरणाराही. जुन्या काळी राजाच्या डोक्यावर तेल ओतून अभिषेक करत, तसा अभिषिक्त. यशया संदेष्टा तर इराणच्या कोरेश राजालाही देवाचा अभिषिक्त म्हणतो, कारण त्याने बंदिवान ज्यूंना घरी जाऊ दिलं. रांबामने यावर इतकं स्वच्छ लिहिलं आहे की मी वर्गात हे पान शिकवलं असतं. तो म्हणतो, मशीहा चमत्कार करील, मेलेले उठवील, असं समजू नका. जग आपल्या रीतीने चालत राहील. तो तोरा पाळील, इस्राएलाला पाळायला लावील, जेरुसलेमचं मंदिर बांधील, विखुरलेल्यांना गोळा करील. हे झालं तर तो मशीहा. नाही झालं, किंवा तो मारला गेला, तर तो नव्हे. त्याचा दाखला रब्बी अकिबाचा. एवढा मोठा विद्वान, पण रोमनांविरुद्ध 132मध्ये उठलेल्या बार कोखबाला मशीहा समजला. 135मध्ये तो मारला गेला, आणि तो मशीहा नव्हता हे कळलं.

येशूबद्दलचं उत्तर यातच आहे आणि ते मी माझ्या ख्रिस्ती मैत्रिणींनाही असंच देते. त्यांचं म्हणणं, तो आला आणि पुन्हा येईल. आमचं म्हणणं, त्याने करायची कामं समोर दिसली पाहिजेत. तलवारींचे नांगराचे फाळ होतील असं संदेष्टे सांगतात, ते अजून झालेले नाहीत. आणि माणूस देव होतो, हे आम्हाला मान्य करता येत नाही. यात त्याच्या शिकवणुकीचा अनादर नाही.

वाट बघण्यात धोका मात्र फार मोठा आहे. 1665मध्ये इझमीरच्या शब्बताय झ्वीने आपण मशीहा असल्याचं जाहीर केलं. गाझाचा नाथान त्याचा संदेष्टा झाला. आम्स्टरडॅमपासून येमेनपर्यंत लोक वेडे झाले, उपास करू लागले, धंदे गुंडाळून जेरुसलेमला निघायची बांधाबांध करू लागले. 1666च्या सप्टेंबरमध्ये तुर्की सुलतानापुढे उभं केल्यावर त्याने डोक्यावर पगडी चढवली आणि मुसलमान झाला. घरोघर काय अवस्था झाली असेल! काही अनुयायी तरीही त्याच्या मागे गेले, कारण आपण फसलो हे कबूल करणं त्याहून अवघड होतं. म्हणून रांबामची ताकीद आहे, की तारखांचे हिशेब करत बसू नका.

मग आम्ही काय करतो? मलिदा करतो. हे मी हौसेने सांगते, कारण जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजात हे नाही. मशीहाच्या आधी एलिया संदेष्टा येणार आणि बापांची मनं लेकरांकडे, लेकरांची बापांकडे वळवणार, असं मलाखी संदेष्टा सांगतो. तो एलिया, आमचा एलियाहू हन्नाबी, स्वर्गात जाताना अलिबागजवळच्या खंडाळ्याला थांबला (लोणावळ्याजवळचं ते हे नव्हे) आणि तिथल्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी आमची श्रद्धा. नवस फेडायचा असो, लग्न ठरो, कोणी आजारातून उठो, मलिदा होतोच. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, बदाम-बेदाणे. माझी आई पोहे धुऊन चाळणीत उपसून ठेवायची आणि मगच नारळ फोडायला घ्यायची. आधी खवलेलं खोबरं पाणी सोडतं आणि मलिदा गच्च होतो, म्हणायची. परातीत डोंगर करायचा, भोवती फळं लावायची. हज्जान ‘एलियाहू हन्नाबी’ गातो, सगळे साथ देतात, मग प्रत्येक फळावर त्याचा त्याचा आशीर्वाद. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतल्याचा वेगळा, सुवासाचा वेगळा. केळ्यावर कुठला म्हणायचा यावरून आमच्याकडे मुलांची परीक्षा व्हायची. उत्तर: जमिनीचा, कारण केळ दरवर्षी नव्याने फुटते.

कंटाळ्याचं विचारलंत. रोजच्या तीन प्रार्थनांत एक ओळ नीतिमानांसाठी मागते आणि त्यांच्यातच धर्मात नव्याने आलेल्यांचाही उल्लेख करते. त्यानंतर जेरुसलेमची प्रार्थना, आणि त्याच्याही नंतर दावीदाच्या अंकुराची, म्हणजे मशीहाची. नागपूरच्या मुलीला मी रूथची गोष्ट सांगितली, तिचा शेवट इथे आहे. रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. ज्याची वाट बघतो तो बाहेरून आलेल्या, सरवा वेचणाऱ्या बाईच्या वंशातून यायचा आहे. ज्यांच्याकडे आईच्या आईची कागदपत्रं मागितली गेली त्या समाजातली बाई म्हणून मला ही वंशावळ तोंडपाठ आहे, आणि ती म्हणताना कंटाळा येत नाही.

दुसऱ्या धर्माच्या माणसाने मलिद्याला बसलं, प्रसाद घेतला तर चालतं का? – एक वाचक, पुणे

जरूर बसा. डोकं झाका, आशीर्वाद संपेपर्यंत खाऊ नका, एवढंच. आमच्या घरी बशी देताना कधी कोणाला जात-धर्म विचारला नाही. शेजारच्या काकू तर घरी न्यायला डबाच घेऊन यायच्या. मशिदीत जायचं असेल तर शनिवारी फोटो काढू नका आणि आधी विचारून जा.